पुराची पेटी

“पूर आला त माही वाट पाहू नका, पेटी घेऊन निंगा.”

कवडू हे दर रविवारी जेवणाआधी म्हणायचा. ऐकणाऱ्या तिघी: बायको गिरजाबाई, म्हातारी आई भागाबाई आणि सहावीत शिकणारी मुलगी मथुरा. ऐकून झालं की गिरजाबाई भात वाढायला घ्यायची.

भिलाईचा कारखाना तेव्हा अजून उभाच राहत होता. खुर्सीपारच्या अंगाला, रेल्वे लाईनीपासून हाकेच्या अंतरावर, लाल मुरमाचा एक उंचवटा होता आणि त्यावर टिनाच्या छपराच्या मातीच्या खोल्यांची रांग. नदी तिथून कोसांवर. पाणी टँकरनं यायचं, आणि टँकर दिसला की बायका घरातली होती नव्हती ती भांडी घेऊन धावायच्या. मागच्या उन्हाळ्यात एका घागरीपायी दोन घरांचं बोलणं तुटलं ते अजून जुळलं नव्हतं. अशा जागी कवडू पुराची तयारी करून बसला होता.

देवांचा भरवसा त्यानं छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली तेव्हाच सोडला होता. त्यामुळे नवस बोलून मोकळं व्हायची सोय उरली नव्हती. पेटी करणं भाग होतं.

पेटी लोखंडी, जुन्या बाजारातून आणलेली, एका माणसाला न उचलणारी. तिच्यात गूळ, फुटाणे, मेणात बुडवून वाळवलेल्या काडेपेट्या, दोर, शिट्टी, जखमेवर लावायच्या टिंक्चरची बाटली आणि धुतलेल्या धोतराच्या पट्ट्या. शिवाय आणखी काही होतं, पण ते कवडूलाच माहीत. खोलीच्या भिंतीवर जमिनीपासून हातभर वर त्यानं लाल रंगाची रेघ ओढली होती. पाणी तिथवर आलं की निघायचं. छपराच्या टिनांवर पांढऱ्या रंगानं आकडे घातले होते, वाहून गेलीच तर ओळखू यावीत म्हणून. रांगेत एवढी शिस्तशीर खोली दुसरी नव्हती, आणि एवढ्या हसण्याचा विषय झालेलीही नव्हती.

हे सगळं त्यानं रेल्वेकडून घेतलं होतं. कवडू दुर्ग लाईनीवर गँगमन. पावसाळ्यात गँगमनला पेट्रोलवर, म्हणजे रुळांच्या गस्तीवर लावतात. हातात कंदील, खांद्याला फटाक्यांचा डबा. पुढं धोका दिसला की ते फटाके रुळावर ठेवायचे, इंजिनाच्या चाकाखाली फुटले की ड्रायव्हर गाडी थांबवतो. पुलाच्या खांबावर लाल पट्टा असतो, पाणी त्याला टेकलं की गाडी सोडत नाहीत. हद्दीच्या टोकाला पलीकडचा पेट्रोलमन भेटतो. दोघं एकमेकांच्या वह्या बदलून घेतात आणि आलेल्या वाटेनं परत फिरतात. कवडूच्या मते जगात एवढी एकच गोष्ट नीट चालली होती.

आणि फटाक्यांच्या डब्याची किल्ली जबाबदार माणसाजवळ राहते. म्हणून पेटीची किल्ली त्याच्या करदोड्याला होती. दीक्षेनंतर गळ्यातला ताईत गेला, करदोडा राहिला. किल्ली बांधायला दुसरी जागा नव्हती.

आधी पेटीला कुलूप नव्हतं. पण पहिल्याच महिन्यात पाहुणे आले आणि गिरजाबाईनं फुटाणे काढले. मग एकदा काडेपेटी गेली, मग शेजारच्या पंचफुलाच्या पोराला गूळ गेला. कवडूला कळलं की घरात पूर यायच्या आत पेटी संपेल. त्यानं कुलूप आणलं. तेव्हापासून दर रविवारी तो कुलूप ओढून पाहायचा आणि समाधानानं मान हलवायचा. पेटी उघडून मात्र पाहायचा नाही. सील केलेली वस्तू उघडून पाहत नसतात.

मृगाच्या आधीच्या रविवारी सराव व्हायचा. कवडू शिट्टी मारायचा. गिरजाबाई आणि मथुरा पेटीच्या दोन कड्या धरून ती मुरमावरून ओढत भय्याजीच्या चहाच्या टपरीपर्यंत न्यायच्या, कारण ती टपरी लाईनीच्या भरावावर होती. भागाबाईकडे कंदील. भर दुपारी पेटलेला कंदील घेऊन म्हातारी मागून चालायची आणि वाटेत भेटेल त्याला सांगायची की माह्या पोराच्या राज्यात सूर्य मावळला. भय्याजी चहा गाळता गाळता विचारायचा, “कवडू भाई, नाव कब बनवा रहे हो?” कवडू हसायचा नाही. घड्याळ पाहून सांगायचा की मागच्या वर्षीपेक्षा चार मिनिटं जास्त लागली.

भागाबाईला या सगळ्याचा राग नव्हता, कीव होती. ती म्हणायची, “अरे कवड्या, वैनगंगेले इथवर याचं असन त तिले तिकीट काढा लागन.”

ती एवढं बोलू शकायची, कारण गावी असताना वैनगंगेला आलेला पूर तिनं पाहिला होता. कवडू तेव्हा आठ वर्षांचा. त्या दिवशी सकाळी गावच्या जमीनदाराचा, मालगुजाराचा माणूस आला आणि कवडूच्या बापाला कोठारातली पोती हलवायला घेऊन गेला. नाही म्हणायची रीत नव्हती. घरात दोर कुठं ठेवलाय हे बापाशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. संध्याकाळपर्यंत मालगुजाराचं सगळं धान कोरडं राहिलं, आणि कवडूची धाकटी बहीण गेली. बापाला बक्षीस म्हणून पायलीभर धान मिळालं. ते घरात शिजलं की नाही, हे कवडूनं कधी कोणाला सांगितलं नाही.

गिरजाबाईला हे ठाऊक होतं, म्हणून ती लाल रेघ सारवताना वगळायची आणि सरावात पेटी ओढायची. तिचं मागणं एकच होतं. किल्ली. दर उन्हाळ्यात ती ते एकदा मागायची.

“पेटी आमी नेऊ. पन उघडाची कशी?”

“मी येईन ना टपरीवर. हद्दीच्या टोकाले भेट होते.”

“अन् नाई आले त?”

यावर कवडू कुलूप ओढून पाहायचा.

त्या वर्षी मृग लागायला तीन आठवडे होते. दुपारी चारच्या सुमाराला कारखान्याच्या बाजूचं आभाळ तांबडं झालं. लोकांना वाटलं भट्टीचं काहीतरी असेल. मग वावधन उठलं. पाणी थेंबभरही नव्हतं, नुसता वारा आणि मुरमाची धूळ. खोल्यांची टिनं एकेक करून पत्त्यांसारखी उडाली. पाच मिनिटांत सगळी रांग उघडी पडली. गिरजाबाईनं म्हातारीला पेटीच्या आडोशाला बसवलं. मथुरा घागर धरायला धावली आणि खाली घसरत आलेल्या टिनाच्या धारेनं तिची पोटरी चिरली.

रक्त थांबेना. टिंक्चर पेटीत, पट्ट्या पेटीत, पेटी कुलपात, आणि किल्ली लाईनीवर ड्युटीला.

गिरजाबाईनं थोडा वेळ कुलपाकडे पाहिलं. मग वरवंटा आणला. तिसऱ्या घावाला कोयंडा तुटला.

टिंक्चर वाळून बाटलीच्या बुडाला चिकटलं होतं. गुळाची जागा मुंग्यांनी घेतली होती. फुटाण्यांचं पीठ झालं होतं. पट्ट्या तेवढ्या धड होत्या. पंचफुला हळद घेऊन धावत आली, दोघींनी पाय बांधला. मग पेटीच्या तळाशी हात लागला तेव्हा गिरजाबाईला कापडाची गठोडी सापडली. प्रत्येकात एक घोंगडी, एक ताटली, एक जोडी कपडे. प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं नाव. मथुरानं बसल्या बसल्या वाचून दाखवलं. भागाबाई. गिरजा. मथुरा.

“अजून पाह्य,” गिरजाबाई म्हणाली.

“बस माय. तीनच हायत.”

गिरजाबाईनं पेटी उलटी केली. दोर पडला, शिट्टी पडली. चौथं गठोडं नव्हतं.

कवडू सहाला आला. डोक्यावर टिनाचा पत्रा होता, त्यावर त्याच्याच हातचा पांढरा सात. तो उंबऱ्यापाशी थांबला. भिंतीवरची लाल रेघ जागच्या जागी होती. तिच्या वर भिंत होती, आणि भिंतीच्या वर काही नव्हतं. मथुराचा पाय त्याला दिसला. मग पेटी दिसली. त्यानं पत्रा खाली ठेवला आणि मथुराजवळ बसून पट्टी चाचपून पाहिली. पट्टी नीट बांधली होती.

“हे टिन कुठं भेटलं?” गिरजाबाईनं विचारलं.

“लाईनीवर पडलं होतं. सिग्नलच्या अलीकडं.”

“कवा?”

“पावणेपाचच्या मालगाडीच्या आधी.”

“आकडा वाचला होता?”

“हो.”

“मंग तवाच समजलं का घर उडालं.”

त्यानं सांगितलं की मालगाडी यायची होती, रुळावर अजून सहा पत्रे होते, पुढं झाडही पडलं होतं, आणि मुकादमानं सांगितल्याशिवाय लाईन सोडता येत नाही. सगळं खरं होतं. गाडी वेळेवर गेली होती. डब्यांत कारखान्याचं लोखंडी सामान होतं, त्यातलं एकही हललं नव्हतं.

गिरजाबाईचा आवाज चढला नाही. ती तीन गठोडी ओळीनं लावत होती.

“याच्यात तुमचं नाई ठेवलं.”

“माही ड्युटी राहते.”

“म्हंजे तुमाले आधीच ठाऊक होतं. आमाले टपरीवर या म्हनत होते, अन् तुमी येनार नव्हते.” तिनं तिसरं गठोडं सरळ केलं. “तुमचा बापबी त्या दिवशी घरी नव्हता.”

भागाबाई कंदिलाची काच पुसत होती. तिनं काच खाली ठेवली.

कवडू उठला. सदरा वर करून त्यानं करदोड्याची गाठ सोडली. गाठ जुनी होती, वेळ लागला. किल्ली त्यानं पेटीवर, तुटलेल्या कोयंड्याशेजारी ठेवली. पत्रा भिंतीला नीट टेकवला, आकडा बाहेरच्या बाजूला येईल असा. छप्पर गेलं होतं, एका बाजूची भिंतही निम्मी खाली आली होती, कुठूनही बाहेर जाता आलं असतं. तो नेहमीसारखा दाराच्या चौकटीपाशी गेला, नेहमीसारखा वाकला, आणि बाहेर पडला.