पावणेदोन तासांचं उड्डाण

भुताखेतांवर, चमत्कारांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणवत नाही. मी नर्स आहे, देवळाली कॅम्पात वाढलेली. बाबा तोफखान्यात होते... अंतर, वेग, वेळ याच गप्पा आमच्याकडे जेवतानाही चालायच्या.

गेली काही वर्षं मी कॅनडाच्या अगदी उत्तरेला नोकरी करते. तिथल्या लहान वस्त्यांना रस्ताच नाही. पेशंट हलवायचा तर छोटं विमान. आमच्या वस्तीपासून हॉस्पिटलच्या गावापर्यंत साडेसहाशे किलोमीटर — पावणेदोन तास. वाटेत कुठलं तळं कधी येतं हेही मला पाठ आहे.

त्या दुपारी एका बाळंतिणीला घेऊन निघालो. बाळ आजीजवळ ठेवलेलं. बाळंतिणीला न्यूमोनिया, ऑक्सिजन क्षणभरही काढून चालणार नव्हतं. विमानात ती, मी आणि पायलट. वर गेल्यावर दुसरा सिलिंडर तपासला तर... रिकामा! व्हॉल्व्ह गळत होता. पहिल्यात जेमतेम तासभराचा ऑक्सिजन.

"परत फिरव!" मी ओरडलेच.

"मागे धुकं उतरलंय, धावपट्टी बंद केली," पायलट म्हणाला. "आता पुढेच जायचं."

तिने माझं मनगट घट्ट धरलं. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती, पण तिला सगळं कळलं होतं. मी तिच्याशी मराठीतच बोलत राहिले. मध्ये खिडकीबाहेर बघितलं तर नुसतं पांढरं. तळी नाहीत, बर्फातल्या भेगा नाहीत... इंजिनाचा आवाज तेवढा नेहमीसारखा.

आणि एकदम पायलट म्हणाला, "हे शक्यच नाही."

खाली हॉस्पिटलच्या गावाची धावपट्टी होती.

निघून फक्त चाळीस मिनिटं झाली होती. माझ्या घड्याळात, त्याच्या घड्याळात, विमानतळाच्या भिंतीवरही तेच. रेडिओवरचा माणूस पुन्हा पुन्हा विचारत होता, "तुम्ही अजून तासाने येणार होतात ना?" ॲम्ब्युलन्स आलेलीच नव्हती, घाईघाईने बोलावली. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन शिल्लक होता!

तिला पाठवून मी परत आले तर पायलट जागेवरच बसलेला, चेहरा पांढराफटक.

"हा काटा बघ," तो म्हणाला. "इंधन पूर्ण पावणेदोन तासांचं जळलंय."

मी स्वतः वाकून काटा पाहिला. नंतर विमान तपासलं. गळती नाही, काटे ठीक.

आता सुट्टीवर देवळालीला आलेय. बाबांना सांगितलं तर आधी हसले. "मागून वारा असणार गं." मग स्वतःच कागद-पेन्सिल घेऊन बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "एवढा वेग मोठ्या जेटलासुद्धा नसतो."

"आणि इंधन? ते कुठे गेलं, बाबा?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "ती पोरगी वाचली ना?"

"वाचली. बाळाकडे गेली परत."

"मग मला पुढचं विचारू नकोस."

बाबांनी हिशोब अर्धवट सोडलेला मी आजवर पाहिला नव्हता.

इथे कोणी विमानातलं जाणकार असेल तर खरंच सांगा. पुढच्या आठवड्यात परत त्याच मार्गावर ड्युटी आहे. त्या दिवसानंतर कितीदा तरी गेले, दर वेळी पावणेदोन तासच लागतात... मग त्या दिवशी विमान जो जास्तीचा तास उडत होतं, त्या तासात आम्ही तिघं कुठे होतो?