मी मासे सोडले तेव्हा

मी मासे सोडले आणि आळीत माझी इज्जत एकदम वाढली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीत एका दैनिकाचा वार्ताहर होतो. खाडीच्या तोंडाशी होडी उलटली, चौघे बुडाले. दोन दिवस किनाऱ्यावर उभं राहून मी वर येणारं एकेक प्रेत बघत होतो, नावं-वयं टिपत होतो. आमच्या दारावर मासे आणणारी बाई तिथंच वाळूत बसली होती. तिचा मुलगा त्यात होता. मी, शहाणा, तिच्याशेजारी उकिडवा बसलो आणि त्याचं वय विचारलं. तिनं सांगितलं, मी लिहून घेतलं. बातमीचं पाकीट संध्याकाळच्या एस.टी.नं रवाना केलं. संपादकांचं पत्र आलं, बातमी उत्तम, असंच लिहीत राहा. डोंबल!

पुढच्या जेवणाला ताटात बांगडा आला आणि मी ताट बाजूला सारलं. बायकोला म्हटलं, नको. महिना गेला तरी नकोच. कोकणातला माणूस बांगडा नाकारतो म्हणजे गुरू केला असणार, आळीला दुसरं कारण सुचेना. बायकोनंही घरात मासळी आणणं बंद केलं, तिचं बघून शेजारच्या दोन-तीन घरांनीही. शेजारचे निवृत्त कारकून मला गुरुवारच्या भजनाला बोलवायला लागले. मी गेलोही. रडू येतं म्हणून खात नाही, हे सांगण्यापेक्षा साधू होणं सोपं होतं.

दिवसकार्य उरकून ती बाई पुन्हा पाटी घेऊन यायला लागली. तिची हाक आली की मी परसात पळायचो. तिच्या तोंडाकडे बघायची हिंमतच नव्हती. बायको तिला रोज अभिमानानं सांगायची, आमच्याकडे सोडलंय हो.

एकदा पायरीवर सापडलोच. तिनं पाटी उतरवली.

"भाऊ, तुमी सोडलंत, वैनी घेत नाय. बाजूची पण घेत नायत."

मी मान खाली घातली. खरं कारण तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"सोडायला मला पण आवडलं असतं," ती म्हणाली. "पण मला इकायलाच लागतात."

मी सहा बांगडे घेतले. दुपारी त्यांचं झणझणीत रश्शाचं तिखलं झालं. रडत रडत जेवलो, आणि भात दोनदा मागून घेतला. भजनाचं बोलावणं त्यानंतर आलं नाही.