मेलेल्या बाईला उठवणारा राजा

आमच्या गावच्या नाट्यमंडळाने राजाभाऊला फसवलं. हे आधी सांगतो, बाकीचं मागून.

राजाभाऊ म्हणजे आमच्या झाडीपट्टीच्या, पूर्व विदर्भातल्या नाटकांतला कायमचा राजा. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा असो की शंकरपटाची बैलशर्यत, रात्रीच्या नाटकात मुकुट त्याच्याच डोक्यावर. धानाच्या बांधीत चिखल तुडवतानाही तो दरबारात असल्यासारखा ताठ चालायचा. माइकचा त्याला भारी राग. "छाती असताना भोंगा कायले पायजे?" म्हणायचा. पुढे मंडळाने मोठमोठे स्पीकर आणले, तयार गाणी वाजू लागली, नुसते ओठ हलवणारे नट आले आणि राजाभाऊचा आवाज जुना ठरला. मी बांबूचा व्यापारी. एका बैलगाडीपासून वर आलोय. अस्सल माल असा पडून राहिलेला मला बघवत नाही.

माझी मुलगी इटलीत नोकरीला आहे. तिने बोलावलं तेव्हा बायको विमानाला भ्याली, म्हणून मी राजाभाऊला नेलं. व्हेनिसमध्ये दारापर्यंत आलेलं पाणी पाहून तो म्हणाला, "शेठ, इथी बारा महिने आपल्या पर्लकोटा नदीवानी पूर असते काय गा?"

मुलीने एका जुन्या महालाच्या दिवाणखान्यातला ऑपेरा दाखवायला नेलं. ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटकच, फक्त सगळं बोलणंही गाऊन. मोजक्या खुर्च्या, एक पियानो. माइक नाही. आमची जागा खांबामागे होती. दारावरच्या बाईशी मी मराठीतून आणि मुलीने इटालियनमधून हुज्जत घातली, तेव्हा कुठे पुढची रांग मिळाली.

नायिका आमच्यापासून हातभर अंतरावर गात गात मेली. सगळे स्तब्ध. आणि राजाभाऊ उभा राहून गरजला, "वन्समोअर!"

झाडून सगळ्या माना वळल्या. मुलगी कुजबुजली, "काका, बसा ना, इथी असं नाई करत."

"काऊन? तिनं जीव ओतला आन आपण मुके बसावं? आपल्याकडं मेलेला राजाही उठून गाते."

त्या आवाजाने नायिकेने डोळे उघडले. ती हसली, उठली, छातीवर हात ठेवून राजाभाऊपुढे वाकली आणि पुन्हा तेच गाणं गाऊन पुन्हा मेली. नंतर तिने मुलीमार्फत विचारलं, हा आवाज गाणाऱ्याचा आहे ना? राजाभाऊ म्हणाला, "सांग तिले, मी राजा आहो." जन्मभर सौदे केले, पण एवढा मान मला कोणत्याच सौद्यात मिळाला नव्हता.

गावी परतल्यावर मी मंडळाच्या अध्यक्षांकडून सगळ्यांसमोर शब्द घेतला: मंडईच्या नाटकात राजा राजाभाऊच, आणि माइक बंद. पावसाळाभर तो नाल्याकाठी पदं घोटत होता. प्रयोगाला मुकुट घालून उभा राहिला, तर स्पीकरमधून भलत्याचंच गाणं सुरू झालं. विंगेतून अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, फक्त ओठ हलवा."

राजाभाऊने मुकुट काढून सिंहासनावर ठेवला आणि खाली उतरून माझ्यापाशी आला. "माह्या तोंडात दुसऱ्याचा आवाज? नाई जमत, शेठ." त्यानंतर तो कधी गायला नाही. यंदा उन्हाळ्यात गेला. शोकसभेत अध्यक्षांनी त्याच्या आवाजाची तारीफ केली, तीही माइकवरून.

अध्यक्ष, या मंडईला मंचावर या, भोंगे बंद करा आणि स्वतःच्या आवाजात सांगा: ज्याच्या एका हाकेने परक्या मुलखातली मेलेली बाई उठली, त्याला तुम्ही मुका का केलात? मी पुढच्याच रांगेत बसणार आहे.