साहेबांच्या खात्यात नसलेलं काम
आमच्याकडे हळदीला पुढारी आला की घराचं वजन वाढतं. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत कशेळीच्या एका हळदीला उपमुख्यमंत्री येणार होते. मी त्यांच्या पक्षाचा कार्यकर्ता. कोन गावात माझं लहानसं दुकान होतं, पण ओळख सांगायचो ती साहेबांची.

दिघाशीला दिलेली माझी धाकटी बहीण मुद्दाम आली होती. भावजी सरकारी दवाखान्यात शिपाई होते, नुकतेच वारले. त्यांच्या जागी भाच्याला लावून घ्यावं, एवढंच तिचं मागणं.

"दादूस, मुख्यमंत्र्याच्या खालोखाल हाय ना ह्यो? मंग याचं कोन न्हाय ऐकनार?"

"कुनाची हिंमत हाय!" मी म्हणालो.

साहेब गाडीकडे निघाले तेव्हा मी त्यांना गाठलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आरोग्य खातं मित्रपक्षाकडे आहे रे. उपमुख्यमंत्री म्हटलं तरी माझी सही माझ्या खात्यापुरतीच. मी शब्द टाकीन, पण त्यावर बसून राहू नका. आधी दवाखान्यात अर्ज द्या, त्याला मुदत असते."

बायकांच्या घोळक्यातून बहिणीला फक्त तो हात दिसला. धावत आली.

"झालं?"

बेंजो जोरात चालू होता. "झालं," मी ओरडून म्हणालो. "तू आता कुठं पळापळ करू नकोस."

माझ्या साहेबाचं तिकडे चालत नाही, हे तिच्यापुढे म्हणवेना. उद्या सांगू, परवा सांगू. तिने विचारलं की "फाइल वर गेलीय" म्हणायचो. मुदत टळली. मग सरकार बदललं, तेव्हा मला कारणही मिळालं. उलट तीच मला म्हणाली, "जाऊ दे, तू तरी काय करशील?" भाचा कशेळीच्या गोदामात माल चढवायला लागला.

शेजारणींना ती सांगायची, "माझ्या दादूसनं लय खटपट केली." ते कानावर पडू नये म्हणून दिघाशीला जाणं कमी केलं, पुढे सोडलंच. भाऊबीजेलाही दुकान उघडून बसतो, गिऱ्हाईक नसलं तरी. भाच्याचा फोन येतो, "मामा, आई ताट करून बसलीय." मी म्हणतो, धंद्याचा दिवस आहे रे.

तिला वाचता येत नाही. हे लिहिलेलं भाच्यानेच तिला वाचून दाखवावं. अर्ज द्यायला साहेबांनी सांगितलं होतं, तेवढं वाक्य मात्र गाळू नये.