शेवटच्या गल्लीचं पाणी

मुंजाबाच्या घरातली मेंढरं कधीच विकली गेली, पण मेंढक्याची रीत काही त्याच्या अंगातून गेली नाही. चिकलठाण्याच्या एका वस्तीत तो पाणी सोडायचं काम करतो. खांद्यावर लोखंडाची लांब चावी घ्यायची, रस्त्यातल्या खड्ड्याशी वाकून व्हॉल्व्ह फिरवायचा, एका गल्लीचं बंद करून दुसरीचं चालू करायचं. ह्या शहरात पाणी रोज येत नाही. आठवड्यानं आलं तरी लोक नशीब म्हणतात, अन् पाहुणा येतो म्हणाला की आधी पाण्याचा दिवस कोणता ते बघतात.

त्याचा बाप सांगायचा, कळप पिऊन झाल्याबिगर धनगरानं ओंजळ भरू नये. म्हणून हे काम लागलं तेव्हा मुंजाबानं आपली गल्ली आपल्याच हातानं सगळ्यांच्या शेवटी टाकली. लोक वाहवा करायचे. त्याला ते गोडही लागायचं. चांगुलपणाची चव कुणाला नको असते? बायको सुगंधाबाई तेवढी म्हणायची, "साऱ्या गावाला पाजा, अन् आपण ओठ चाटत बसू."

त्या दिवशी सकाळीच लाईट गेली, पंप बंद पडला अन् वस्तीची टाकी निम्मीच भरली. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून अभयसाहेबांचा फोन आला. "मुंजाबा, नेहमीच्या नंबरानं सोडत चला. टाकी संपली की थांबा. राहिलेल्यांना पुढच्या पाळीला."

राहिलेले म्हणजे कोण, हे विचारायची गरजच नव्हती. घरी लेक रत्नमाला बाळंतीण. नातवाचं बारसंसुद्धा व्हायचं होतं. रांजण तळाला गेलेला, ड्रम कोरडा, अन् मोरीत दुपट्यांचा ढीग.

पहिली गल्ली भरली. चावीच्या दांड्याला कान लावला की पाण्याचा जोर कळतो. आज आवाज भरून येत नव्हता. दुसरीचं पाणी सोडून तो उभा राहतो न राहतो तोच मालनबाई पाय ओढत आल्या. ह्या त्याच्याच गल्लीतल्या. नवरा कधीचा अंथरुणाला खिळलेला, सगळं जागेवरच.

"मुंजाबा, आज आपल्याला येतंय का?"

"बगू काकू. टाकी कमी हाय."

"बगू म्हंजी नाय." मालनबाईंनी पदरानं घाम पुसला. "तू चांगला हायेस, बाबा. मागं ऱ्हातोस, लोक नाव घेतेत. पर मला कवा इचारलंस? मी कवा म्हणले, माझं शेवटी लाव म्हणून? ह्यांच्या चादरी कशात धुवू, तुझ्या नावात?"

बापाची मेंढरं बापाची होती, ओंजळही त्याचीच. गल्ली कुठं मुंजाबाची होती?

त्यानं चावी घातली अन् दुसरीचं पाणी लवकरच बंद केलं. दारादारातून बायका बाहेर आल्या. "अवो, हौद अर्धा बी नाय भरला."

"थोडं थोडं सगळ्यायला पुरवतो, ताई."

गच्चीवरून एक जण म्हणाला, "लेक बाळंतीण हाय, म्हणून चाललंय व्हय हे?"

टोला बरोबर लागला. खरं सांगायचं तर त्याचं त्यालाच कळेना, हात मालनबाईंसाठी फिरतोय का नातवासाठी. त्यात साहेबांचा शब्द मोडलेला. काम कंत्राटी, एका तक्रारीवर जाईल असं. तरी प्रत्येक गल्लीत त्यानं तसंच केलं अन् प्रत्येक गल्लीच्या शिव्या खाल्ल्या.

शेवटी त्याच्या गल्लीत पाणी आलं, करंगळीएवढी धार. तो घरी पळत गेला. "सुगंधा, आपला नळ बंद कर. मालनबाईंचं भरू दे आधी."

"अन् दुपटी?"

"मागून. हे पाणी माझ्या घरचं हाय, गल्लीचं नाय."

"तुमच्या घरचं व्हय? धुणं तुम्ही धुता का मी?"

एकाच दिवसात दुसऱ्यांदा कुणीतरी त्याला तेच विचारलं होतं. आतून रत्नमाला म्हणाली, "आई, एक हंडा भरून घे, मग कर बंद." सुगंधाबाईनं हंडा भरला, तोटी आवळली अन् नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पलीकडं मालनबाईंचा ड्रम भरत आला, तेवढ्यात नळातून नुसती हवा सूं-सूं करायला लागली.

संध्याकाळी साहेबांचा फोन आलाच. "मुंजाबा, तक्रारी आल्यात. घरच्यासाठी सगळ्यांचं पाणी तोडलं म्हणतात."

"साहेब, पुढच्या पाळीपासून नंबर फिरता ठेवायचा म्हणतो. एकदा हे पहिले, एकदा ते. पुढच्या बारीला आमची गल्ली पहिली."

"आजच्या दिवसानंतर? लोक काय म्हणतील, कळतंय ना?"

"कळतंय, साहेब."

"वर विचारतो. तोवर तुम्ही चावीला हात लावू नका."

फोन बंद झाला तरी तो हातात तसाच होता. सुगंधाबाई उंबऱ्यात आली. "काय म्हणले?"

"इचारतो म्हणले."

"अन् काम?"

"त्याचं काय बोलले नाय."

तिनं आत जाऊन बाळ आणलं अन् त्याच्या मांडीवर ठेवलं. "धरा मग. मान सांभाळा. मला अजून दुपटी धुवायचीत." मुंजाबानं फोन खाली ठेवला अन् दोन्ही हात बाळाखाली घातले, पण कान त्याचा फोनाकडंच होता.