वंदनाची मतं

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही — माझं धैर्य म्हणाल तर एवढंच.

मी वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला राहते. सत्तावीस वर्षं हायस्कूलमध्ये मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. कॉलनीत सगळे मला मॅडम म्हणतात. मराठीची मॅडम म्हणजे भरपूर वाचणारी, हे लोक धरूनच चालतात. आणि मी? शेवटच्या दहा-बारा वर्षांत एकही कादंबरी पूर्ण वाचली नव्हती. डोळे ओळींवरून फिरत, मनात काही उमटत नसे. पुस्तक छातीवर ठेवून झोपून जायची. पण ही कबुली त्याबद्दलची नाही. ती पुढे आहे — येते मी तिथे.

मिक्सर घ्यायचा होता, तिथून सुरुवात झाली. एका दुपारी मोबाइल घेऊन बसले, खरेदीच्या ॲपवर लोकांनी दिलेली मतं वाचत. तुम्हीही वाचत असाल. ‘मस्त आहे’, ‘पैसा वसूल’, ‘बकवास, घेऊ नका’. त्यात एक मत होतं, वर नाव — वंदना, हिंगणघाट.

‘आवाज लय मोठा हाय. पण माह्या सासूले ऐकू येत नाई. तिनं भांड्यावर हात ठेवला अन् म्हणाली, चालू हाय. चटणी बारीक होते. चार तारे.’

दोनदा वाचलं मी ते. मग तिच्या नावावर बोट ठेवलं, तर तिनं आजवर दिलेली सगळीच मतं उघडली. कुकर, पडदे, झाडू, इस्त्री — आणि मधून मधून कादंबऱ्या. गाजलेल्या, भरपूर खपलेल्या, ज्यांची नावं बसस्टँडवरच्या दुकानातही दिसतात त्या. एका चादरीखाली लिहिलं होतं, ‘दोन धुण्यात रंग गेला. मग मऊ झाली. आता सासू तिच्यावरच झोपते. रंगाचा एक तारा कापला होता, झोपेसाठी वापस देला.’ आणि तिच्याच खाली एका प्रेमकथेबद्दल — ‘यातला माणूस सारखा रागावते, संशय घेते, अन् लेखिका त्याले प्रेम म्हणते. मीबी वीस वर्सं त्याले प्रेमच समजली. दोन तारे. त्यातला एक मले हे समजलं म्हणून.’

माझ्या अंगावर काटा आला. हे शोभेसाठी लिहीत नाही, खरंच आला. जन्मभर मी मुलांना रसग्रहण शिकवलं. लेखकाची शैली, व्यक्तिचित्रण, संदेश — पाच गुणांचं उत्तर, दहा ओळींत. आणि इथे कुणी एक बाई झाडू आणि पडद्यांच्या मध्ये बसून पुस्तकाच्या पार आत जाऊन येत होती, आणि येताना स्वतःला सोबत घेऊन येत होती. कुठून आणलं असेल तिनं हे? कुणी शिकवलं? त्या दुपारी मी तिची सगळी मतं वाचून काढली. कितीतरी वर्षांनी मी काही वाचत होते आणि झोप येत नव्हती.

इथेच थांबले असते तर?

आमच्या कॉलनीतल्या बायकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. शेजारच्या मंदाताईंनी तो काढला. काय घ्यावं, काय वाचावं, असं त्यावर चालतं. मंदाताई सारखं लिहायच्या, ‘मॅडम, तुमचं मत येऊ द्या.’ एकदा मी चादरीचं मत टाकलं. वंदनाचं. नाव न देता. बायकांनी हसरे चेहरे पाठवले, टाळ्या पाठवल्या. कुणाचं आहे, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला म्हणाले. पण कुणी विचारणारच नव्हतं — ते मला माहीत नव्हतं का?

मग दुसरं टाकलं. मग कादंबऱ्यांची. आठ-दहा महिने हे चाललं. मी फक्त तिची भाषा सरळ करायची. ‘आली’चं ‘आले’, ‘माहा’चं ‘माझा’. वह्या तपासल्यासारखी मी तिच्या चुका काढत होते — आणि ज्या चुका नव्हत्याच, त्याही. मंदाताई रस्त्यात भेटल्या की म्हणायच्या, ‘मॅडम, तुमच्यासारखं वाचता यायला पाहिजे.’ आणि मी हसायची. सवयीनं, सहज.

त्यातलं एक मत सगळ्यांत गाजलं. कादंबरी अशी, की शेवटी त्यातली बाई नवऱ्याचं घर सोडून जाते. वंदनानं लिहिलं होतं — ‘लेखकानं तिच्या हाती बॅग देली, पायात चप्पल देली, पण गॅस बंद केला का नाई ते लिहिलंच नाई. बाई घर सोडून चालली तरी गॅस पाहून जाते. मी पुस्तक तसंच टाकलं अन् उठून माहा गॅस पाहून आली. मग रडली. चार तारे.’

ती कादंबरी मी वाचलेली नव्हती. उघडलीही नव्हती.

हे मत माझ्या नावानं फिरत फिरत हिंगणघाटच्या एका छोट्या वाचनालयापर्यंत गेलं. तिथल्या बायकांच्या कार्यक्रमात बोलायला त्यांनी मला बोलावलं. हिंगणघाट हे नाव ऐकूनच मला भीती वाटायला हवी होती ना? वाटली नाही. मोबाइलवरची माणसं खरोखर कुठे राहतात, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

चाळीसएक बाया होत्या. सतरंज्या अंथरलेल्या. मी उभी राहिले आणि ते गॅसचं सांगितलं — माझं म्हणून, थांबत थांबत, अगदी आत्ता आठवल्यासारखं. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. आणि मला — हे लिहितानाही लाज वाटते — मला फार बरं वाटलं.

चहाच्या वेळी एक बाई जवळ आली. पंचेचाळिशीची असेल. बारीक, उन्हानं रापलेली. पदराला रंगीत दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. ब्लाउज शिवते म्हणाली, कारखान्याच्या मागच्या गल्लीत. मग जरा घुटमळली.

“मॅडम, राग नका मानू. ते गॅसचं... ते मी लिहिलं होतं. मोबाइलवर. लेकीनं शिकवलं होतं मले.”

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. उलट तीच घाबरली होती, जणू आपलीच काही चूक झाली असावी. हीच वेळ होती. नुसतं ‘हो, तुमचंच आहे’ एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. आजूबाजूला चार बाया कप घेऊन उभ्या होत्या.

मी म्हणाले, “असं? मला माहीत नाही हो. वाचताना मलाही अगदी तसंच झालं.”



“तसंच? उठून गॅस पाह्यला तुमी?”

“हो.”

“माय वो!” असं म्हणून तिनं माझे दोन्ही हात धरले. सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेली बोटं. तिचे डोळे भरून आले होते. “मले वाटे, असं करणारी मी एकटीच येडी हाय. काऊन असं होते मले, समजतच नव्हतं. अन् तुमी एवढ्या शिकलेल्या, तुमालेबी तसंच!” मग तिनं मान वळवून मागच्या बाईला हाक मारली, “ऐकलं का वो? मॅडमलेबी तसंच झालं!”

तिनं ओळखलं असेल आणि मला सांभाळून घेतलं असेल, असं म्हणून मी पुढे बरेच दिवस सुटायला पाहिलं. पण नाही. मी तिचा चेहरा पाहिला आहे. तिनं पूर्ण विश्वास ठेवला होता. आपल्यासारखं वाचणारं जगात आणखी एक माणूस आहे, या आनंदानं ती उजळून गेली होती. इतकी वर्षं एकटीनं वाचत होती ती. घरात कुणाशी बोलणार? म्हणून तर झाडूखाली लिहीत होती. आणि मी तिला सोबत दिली — जी नव्हतीच.

निघताना तिनं मला बसपर्यंत पोचवलं. “पुन्हा येजा मॅडम,” म्हणाली. बस सुटेपर्यंत उन्हात उभी होती.

आठवड्यानं मी तिचं नाव उघडलं. का उघडलं, माहीत नाही. त्या कादंबरीखालचं मत तिनं बदललं होतं. चाराचे पाच तारे केले होते, आणि शेवटी भर घातली होती — ‘वर्ध्याच्या एका मॅडमबी हेच पुस्तक वाचता वाचता उठल्या. दोन घरच्या दोन बायांले जागेवरून उठवते ते पुस्तक साधं नसते. पहिले मी एक तारा कमी देला होता, माहं चुकलं.’

तेव्हापासून मी ग्रुपवर काही टाकत नाही. डोळ्यांचा त्रास आहे, असं मंदाताईंना सांगितलं. तेही खोटंच. हिंगणघाट इथून तासाभराच्या अंतरावर आहे. मी गेले नाही.

वंदना अजून लिहिते. परवा एका पायपुसण्याबद्दल लिहिलं होतं, आणि मी पुन्हा थक्क होऊन बसून राहिले. तिची सगळी मतं मी वाचली आहेत, काही दहादहा वेळा. न वापरता, न वाचता, न सोसता तिनं एक अक्षर लिहिलेलं नाही. त्या साऱ्यांत एकच वाक्य खोटं आहे. ते माझ्याबद्दलचं आहे, आणि ते तिच्या हातून मी लिहवून घेतलं.