मिस्त्रीचा पंखा

रिठदच्या आमच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं, तेव्हा जनरेटरची एक मोटारगाडी आठ दिवस लिंबाखाली उभी होती. तिचा माणूस गाडीतच राहायचा, गाडीतच रांधायचा. नाव कुणी विचारलं नाही. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे.

जनरेटर लहान होता. अवजारं उकळायची शेगडी लागली की ऑपरेशनचा दिवा मंद व्हायचा. म्हणून मिस्त्री आधी शेगडी चालवी, ती बंद करी आणि मगच दिवा लावी. त्याचा तळहात सदा जनरेटरच्या पत्र्यावर असे. ताण पडून थरथर जरा वाढली की तो गाडीतला आपला पंखा बंद करी. फाल्गुनाच्या उन्हात ती गाडी तव्यासारखी तापायची.

एका दुपारी सरपंचांना भाषणाची हुक्की आली. भोंगा जोडायला त्यांनी माणूस पाठवला. आत माझ्या मायचं ऑपरेशन चाललं होतं. मिस्त्रीनं वायर मुठीत धरली.

"आत कोनाची तरी माय टेबलावर हाये. भाषन तोंडानं करा म्हना."

सरपंचांनी भाषणच केलं नाही.

पट्टी सुटल्यावर माय गाडीपाशी थांबली. घामानं निथळणारा मिस्त्री तिला आता स्वच्छ दिसत होता.

"काहून रे लेका, पंखा नाही का तुह्याजवळ?"

"हाये ना, माय. त्याची लाईट तुह्या डोयाले देली."

पुढं आमच्या घरी पंखा आला. कुणी त्याचं कौतुक केलं की माय ताठ मानेनं म्हणायची, "याचं काय सांगता? माह्या डोयात एका मानसाचा पंखा हाये."